खणाच्या कापडातून उशा आणि लोडांच्या खोळी शिवताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी घरांच्या कपाटांत ओटीत आलेले, बारशाला किंवा हळदीकुंकवाला मिळालेले खण बहुधा घडी न मोडता पडून असतात. चोळी शिवून घेणाऱ्या स्त्रिया आता कमी झाल्या आहेत, आणि नात्यातून आलेले कापड टाकवतही नाही. अशा खणांतून बैठकीच्या उशांचे अभ्रे आणि लोडांच्या खोळी उत्तम होतात. मात्र हे कापड चोळीसाठी विणलेले आहे, रोज घासले जाण्यासाठी नव्हे, हे कापायला घेण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. गादीच्या किंवा खुर्चीच्या बसण्याच्या भागावर खण घातला तर त्याचे धागे लवकर सरकतात आणि शिलाईपाशी फट पडते. म्हणून वजन आणि घर्षण सोसण्याचे काम जाड सुती कापडाकडे द्यावे, आणि खण समोरच्या बाजूला, पट्ट्यांना आणि गोटाला (कडेला लावायच्या, आत दोरी असलेल्या किनारीला) ठेवावा.

खणाची मूळ पेठ बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड. नवा खण विकत घ्यायचा असेल तर बेळगावच्या खडेबाजारात तो सहज मिळतो. परंतु शिलाईच्या दृष्टीने पाहिले तर आधी घरातलेच तुकडे संपवणे शहाणपणाचे. इरकली लुगडे जुने होऊन मध्ये विरले असेल, तर त्याचा काठ आणि पदर बहुधा शाबूत असतो, आणि तो खणाच्या जोडीला फार शोभतो. उलट बाजूसाठी आणि लोडाच्या मधल्या भागासाठी मांजरपाट, खादी किंवा तत्सम घट्ट विणीचे सुती कापड घ्यावे.

कापण्याआधी दोन गोष्टी टाळू नयेत. पहिली रंगाची परीक्षा. पांढऱ्या फडक्याचा ओला कोपरा खणाच्या उलट बाजूवर घासून पाहावा. फडक्याला रंग लागला तर तो खण पांढऱ्या किंवा फिक्या कापडाला जोडू नये, कारण पहिल्याच धुण्यात लाल किंवा जांभळ्या रंगाचा डाग शेजारी उतरतो आणि तो मग निघत नाही. दुसरी गोष्ट कापड आटवण्याची. सुती कापड आणि अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करूनच कापावे. सुती अस्तर न आटवता खणाला जोडले, तर धुतल्यावर अस्तर आखडते, खण तेवढा आखडत नाही, आणि समोरच्या बाजूला कायमच्या सुरकुत्या पडतात. अस्सल रेशमी खण असेल तर तो पाण्यात घालू नये. अशा अभ्र्याला पुढेही ड्राय क्लीनिंगच द्यावे लागेल, याचा विचार आधीच झालेला बरा.

आता 16 इंची चौकोनी उशीचा अभ्रा घेऊ. चारी बाजूंना अर्धा इंच माया (शिलाईच्या बाहेर राहणारे जादा कापड) धरून समोरचा तुकडा 17 गुणिले 17 इंचांचा कापावा. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, अरुंद असतो. तो 30 इंचांच्या आसपास असेल तर असे दोन तुकडे शेजारी-शेजारी बसत नाहीत, म्हणून उरलेली पट्टी गोटासाठी आणि लोडाच्या टोकांसाठी राखून ठेवावी. बुट्टे असतील तर त्यांची टोके वर राहतील असा तुकडा मांडावा, आणि काठ घ्यायचा असेल तर तो उशीच्या एकाच बाजूला घ्यावा. चारही बाजूंनी काठ लावण्याच्या हौसेत कोपऱ्यांवर नक्षी तुटते आणि कामाला गबाळेपणा येतो. याच मापाचे अस्तर कापून ते खणाच्या उलट बाजूला कच्च्या टाक्याने जोडावे. येथून पुढे दोन्ही कापडे मिळून एकच तुकडा आहे असे समजावे. खणाच्या कडांचे धागे हाताळतानाच सुटू लागतात, म्हणून याच वेळी इंटरलॉक किंवा झिगझॅग शिलाई मारून घ्यावी.

मागच्या बाजूला चेन लावण्यापेक्षा एकावर एक येणारे दोन तुकडे ठेवणे सोपे आणि टिकाऊ असते. सुती कापडाचे 17 गुणिले 12 इंचांचे दोन तुकडे कापावेत. प्रत्येकाची 17 इंचांची एक कड आधी अर्धा इंच आणि मग एक इंच दुमडून शिवावी, म्हणजे प्रत्येक तुकडा साडेदहा इंचांचा उरेल आणि दोन्ही मिळून 17 इंचांत बसवताना मध्ये चार इंच एकमेकांवर येतील. एवढे अंतर असले की उशी भरल्यावर फट उघडत नाही. दोन इंचांत काम भागवले तर ती हमखास उघडते.

गोट लावायचा असेल तर तो उरेब पट्टीचाच हवा. कापडाच्या उभ्या धाग्याशी 45 अंशांचा तिरका काप घेऊन दीड इंच रुंदीच्या पट्ट्या काढाव्यात, त्या तिरप्या जोडाने जोडाव्यात आणि आत दोरी घालून शिलाई दोरीलगत न्यावी. 16 इंची उशीचा घेर 64 इंच होतो. जोडासाठी धरून 67 इंच पट्टी पुरते. हा जोड कोपऱ्यावर कधीही आणू नये, खालच्या बाजूच्या मध्यावर आणावा. वळणावर पट्टीच्या मायेला कात्रीने छोटे छेद दिले की गोट ताणला जात नाही. खण आणि अस्तरासाठी 14 नंबरची सुई पुरते. मात्र गोटासकट चार-पाच थर एकत्र येतात तिथे 16 नंबरची सुई लावावी आणि यंत्र हाताने चाक फिरवून सावकाश पुढे न्यावे.

आता सुलट बाजू सुलट बाजूला लावून, दोन्ही मागचे तुकडे समोरच्या तुकड्यावर ठेवून चहूबाजूंनी शिलाई घालावी. कोपऱ्यांबाबत एक युक्ती सांगावीशी वाटते. शिलाई अगदी काटकोनात नेली तर उशी भरल्यावर कोपरे रिकामे राहून कानांसारखे बाहेर येतात. ते टाळण्यासाठी कोपऱ्याच्या तीन इंच आधीपासून शिलाई हळूहळू आत घ्यावी, म्हणजे टोकाशी ती नेहमीच्या रेषेपेक्षा पाव-अर्धा इंच आत येते. मग कोपऱ्यावरची जादा माया कापून अभ्रा उलटावा.

लोडाचे काम थोडे निराळे आहे. लोडाचा व्यास 8 इंच आणि लांबी 30 इंच असेल तर घेर 25 इंचांहून किंचित जास्त भरतो. तरी टेप प्रत्यक्ष गुंडाळून घेतलेले माप खरे धरावे आणि त्यात एक इंच मिळवावा. लांबीत मधला सुती भाग 21 इंचांचा आणि दोन्ही टोकांच्या खणाच्या पट्ट्या 6 इंचांच्या कापल्या, की शिलाया धरून नेमकी 30 इंचांची खोळ होते. मधल्या भागावर कसुतीचे भरतकाम करायचे असल्यास ते जोडण्याआधीच करावे. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी हे कसुतीचे चारही टाके धागे मोजून घातले जातात. म्हणून तेथे विणीचे धागे सहज दिसतील असे साधे कापड हवे, दाट बुट्ट्यांच्या खणावर ते काम नीट उठत नाही.

खोळीची लांब शिलाई घालताना मध्ये 20 इंची नायलॉनची चेन बसवावी. धातूची चेन आपल्याकडच्या पावसाळ्यात गंजते आणि कापडाला डाग पाडते. टोकांसाठी 9 इंच व्यासाचे गोल कापून, गोल आणि खोळीची कड या दोन्हींवर चार समान भागांच्या खुणा खडूने कराव्यात. खोळीच्या कडेला मायेपुरते छेद द्यावेत, खुणा जुळवून आधी कच्चा टाका घालावा आणि मगच यंत्रावर शिवावे. दुसरे टोक शिवण्यापूर्वी चेन उघडी आहे ना, हे पाहावे, नाहीतर खोळ उलटायला जागा उरत नाही.

गोंडे लावण्याचा मोह बहुतेकांना होतो. माझ्या मते लोडाच्या टोकांना एकेक गोंडा पुरेसा आहे; उशीच्या चारही कोपऱ्यांना लावलेले गोंडे टेकणाऱ्याला टोचतात आणि धुताना त्यांचा गुंता होतो. लावायचेच असतील तर आतून छोटे बटण आणि दोऱ्याचा फास ठेवावा, म्हणजे धुण्यापूर्वी ते काढता येतात.

रेशमी खणाचे सोडून बाकीचे अभ्रे नेहमी उलटे करून थंड पाण्यात धुवावेत, पिळू नयेत, सावलीत वाळवावेत आणि उलट बाजूनेच कमी आंचेची इस्त्री फिरवावी. खानापूरकडे आणि बेळगावातही जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की कापूस भरलेल्या उशांना बुरशीचा वास येऊ लागतो. त्या महिन्यांत खणाच्या खोळी काढून ठेवाव्यात. त्या प्लास्टिकच्या पिशवीत न घालता जुन्या सुती साडीत गुंडाळाव्यात आणि उघडीप मिळेल तेव्हा तासभर वाऱ्यावर पसराव्यात.