गणपती ते दिवाळी: मुंबईतल्या घरच्या बागेत आत्ता काय करायचं

गौरी-गणपती गेले की आमच्याकडे मुलुंडला बागेचं वर्ष सुरू होतं. गावाकडे पेरणी जूनची, पण मुंबईत कुंडीत नि गच्चीवर जूनमध्ये लावलेल्या टोमॅटो-मिरचीचं काही खरं नसतं, कारण जुलैचा पाऊस कुंडीतलं सगळं खत धुवून नेतो, आठ आठ दिवस ऊन दिसत नाही आणि मुळं कुजतात. पावसात आपल्याकडे खरं साधतं ते अळू, माठ, भेंडी आणि मांडवावरचे वेल. यंदा ऋषीच्या भाजीत अळू, लाल माठ, पडवळ आणि शिराळं घरचं होतं, सुरण आणि मका मंडईतून आणला, आणि सासूबाईंना त्या चार घरच्या भाज्यांचाच इतका आनंद झाला की शेजारी चार घरी वाटी गेली. तर आता सप्टेंबर मध्य ते दिवाळी हे जे सहा-सात आठवडे आहेत त्यात काय करायचं ते सांगते, कारण जानेवारीपर्यंत ताटात काय येणार ते याच दिवसांत ठरतं.

आधी एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. घरातल्या माणसांमध्ये झाडं वाटू नका, कामं वाटा. आम्ही पहिली दोन वर्षं "ही तुझी कुंडी, ही माझी कुंडी" केलं, मुलांना मजा वाटली, पण मोठ्याची सहामाही आली की त्याची मिरची सुकली, नवरा आठवडाभर ऑफिसच्या कामाला बाहेर गेला तेव्हा त्याच्या वांग्याला पाणी घालायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही, आणि धाकटी आपल्या टोमॅटोला दिवसातून तीनदा पाणी घालून घालून शेवटी तो पिवळा पडून गेला. तिला फार वाईट वाटलं होतं. आता कामं वाटलीत. सासरे पहाटे उठतात म्हणून पाणी त्यांचं. बी नि रोपं सासूबाईंची, त्यांचं माहेर केळव्याचं, वाडीत वाढलेल्या, त्यांच्या हाताला सवय आहे. खत आणि उचलाउचल रविवारी नवऱ्याची. कीड बघायचं काम धाकटीचं, तिची नजर आमच्या सगळ्यांपेक्षा तीक्ष्ण आहे आणि पानाच्या मागे बघायला ती कंटाळत नाही. वेल बांधणं, शेंडे खुडणं मोठ्याचं. मी वही लिहिते, काय कधी पेरलं, कधी उगवलं, कुठल्या दुकानाचं बी. एक माणूस नसला तर एकच काम अडतं, आणि ते दुसऱ्याला सांगता येतं.

जागा ठरवताना ऊन परत बघा, जूनमध्ये बघितलेलं ऊन आता चालत नाही. मुंबईत मे ते जुलैमध्ये सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, थोडा उत्तरेलाही जातो, म्हणून उत्तरेच्या गॅलरीतही थोडं ऊन येतं. २३ सप्टेंबरच्या आसपास दिवस-रात्र सारखी होतात आणि तिथून पुढे सूर्य दक्षिणेकडे झुकत जातो, डिसेंबरात तर दुपारी बारालाही तो आकाशात जेमतेम निम्म्या उंचीवर असतो. म्हणजे उत्तरेच्या गॅलरीत हिवाळ्यात ऊन शून्य, दक्षिणेच्या खिडकीत भरपूर, आणि दक्षिणेला टॉवर असेल तर त्याची सावली तुमच्या गच्चीवर लांबपर्यंत येणार. टोमॅटो, वांगी, मिरची, वाल यांना सहा तास थेट ऊन पाहिजेच. पालक, माठ, कोथिंबीर, पुदिना तीन-चार तासांवर भागवतात. एका रविवारी सकाळी नऊ, बारा आणि तीनला जाऊन खडूने सावलीची रेघ मारा, मग कुंड्या हलवा.

आता माती. पावसात कुंडीतली माती दगडासारखी बसलेली असते, विशेषतः नर्सरीतून आणलेली लाल माती. ती तशीच वापरू नका. कुंडी उलटी करा, जुनी मुळं काढा, हुमणीची पांढरी जाड अळी दिसली तर वेचा, आणि माती प्लास्टिकवर पसरून कडक उन्हाचे तीन-चार दिवस मिळतील तेव्हा वाळवा. मग साधारण चार घमेली माती, तीन घमेली कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि तीन घमेली कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा चांगला कुजलेला पालापाचोळा, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यात क्षार असतात. कुंडीच्या तळाला शहाळ्याचे तुकडे किंवा नारळाची सोडणं घालतो आम्ही, पाणी धरून ठेवतात आणि वजन कमी होतं. ऊसवाल्याकडून चिपाडंही आणतो, फुकट मिळतात, पण ती महिनाभर कुजू द्या, ताजी घातली तर मुंग्या येतात आणि रोपं पिवळी पडतात.

गणपतीचं निर्माल्य आमच्याकडे खतातच जातं. दोरे, प्लास्टिक, जरीच्या माळा काढून दूर्वा-फुलं-पत्री वाळवायची आणि ओल्या कचऱ्याच्या थरांमध्ये घालायची. शाडूची मूर्ती घरी बादलीत विसर्जन केली असेल तर ती माती कुंडीत मूठ-दोन मूठच घाला, फार चिकट असते, पाणी निचरू देत नाही, उरलेली पुढच्या वर्षी मूर्तिकाराला दिली तर जास्त चांगलं. प्लास्टर ऑफ पॅरिसचं तर बागेत काहीच घालू नये.

गच्चीवर करणाऱ्यांनी वजन नीट घ्या लक्षात. ओली माती लिटरला दीड किलोच्या पुढे जाते, म्हणजे अर्ध्या कापलेल्या २०० लिटरच्या ड्रमात नुसती माती भरली तर दीडशे किलोच्या वर. असे ड्रम भिंतीलगत, बीमच्या रेषेवरच ठेवायचे, स्लॅबच्या मधोमध नाही, खाली विटा देऊन म्हणजे पाणी वाहून जाईल, आणि सोसायटीची लेखी परवानगी आधी. भाजीला ड्रम लागतही नाही. मासळी बाजारातले थर्माकोलचे खोके स्वच्छ धुऊन, खाली बोटभर भोकं पाडून त्यात पालेभाजी मस्त येते आणि उचलायलाही हलके. कुंड्यांखालच्या ताटल्या मात्र काढून टाका, नाहीतर दर तीन-चार दिवसांनी रिकाम्या करून घासा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा तापाचा काळ. पावसात अंगणात गटाराचं पाणी आलं असेल तर त्या पाण्यात बुडालेली पालेभाजी खाऊ नका, उपटून टाका. चिखलात गमबूट नि हातमोजे घालूनच उतरा, पायाला जखम असेल तर उतरूच नका. २००५ च्या पुरानंतर लेप्टोने (लेप्टोस्पायरोसिसच्या तापाने) मुंबईत माणसं गेली, उंदराच्या लघवीतून येतो तो, आणि भाजीच्या वाफ्यात उंदीर असतातच. तिथे काम केल्यावर ताप आला तर डॉक्टरला "मी पाण्यात उतरले होते" हे आधी सांगा.

पेरणी. टोमॅटो, वांगी, मिरची यांचं बी आत्ताच ट्रेमध्ये किंवा दह्याच्या डब्यांत टाका, रोपं लावायला पंचवीस-तीस दिवसांनी तयार होतात, म्हणजे परतीचा पाऊस संपताना ती बाहेर जातात, हे गणित जमलं पाहिजे. ट्रे पत्र्याखाली किंवा खिडकीच्या सज्ज्यावर ठेवा. मुंबईतून मान्सून परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर, आणि जाता जाता दुपारनंतर विजांसकट जो पाऊस येतो तो कोवळी रोपं झोडपून काढतो. तीन वर्षांपूर्वी आमचे चार ट्रे एका संध्याकाळी गेले, माती भिंतीवर नि बी गटारात. तेव्हापासून दसऱ्याआधी एकही ट्रे उघड्यावर नाही.

घटस्थापनेला घरात माती घालून धान्य रुजवतोच आपण. सासूबाई त्याच दिवशी शेजारी एका ओल्या फडक्यात जुन्या बियांच्या दहा-दहा दाण्यांची पुरचुंडी बांधून ठेवतात, भाजीचं बी, वाल, चवळी, मेथी, आणि माळा चढेपर्यंत कुठल्या बियांना कोंब आले ते बघतात. दहातले सात-आठ रुजले तर ते बी वापरायचं, चार-पाच रुजले तर दाट पेरायचं, दोनच रुजले तर नवीन आणायचं. मिरची-वांग्याला जरा जास्त दिवस द्या, ती सावकाश रुजतात.

वालाची मात्र वाट बघू नका, तो आत्ताच लावा. मांडवावरचा गावठी वाल दिवस लहान झाले की फुलतो, उशिरा लावला तर वेल छोटा राहतो आणि शेंगा थोड्या. बिरड्याला जे वाल आणतो त्यातलेही रुजतात. गॅलरीत मांडवाला जागा नसेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं कोकण भूषण हे वालाचं वाण विचारा, चवळीत त्यांचंच कोकण सदाबहार आहे. पालेभाजी एकदम सगळी पेरू नका, दर दहा दिवसांनी एक खोका. लाल माठ महिन्याभरात काढायला येतो, मेथी तीन-चार दिवसांत उगवते, कोथिंबिरीला आठ-दहा दिवस लागतात आणि तिचे धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करून रात्रभर भिजवावे लागतात. वाळू मिळाली तर मेथी दाट फेकून बोटाएवढी झाली की मुळासकट काढा, तीच आपली समुद्रमेथी. रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पालक आपण सगळ्यांनी लोकलच्या खिडकीतून पाहिलाय, त्यामुळे निदान पालेभाजी तरी घरची असावी असं मला मनापासून वाटतं, आणि ती सगळ्यात सोपी पण आहे. मुळा, नवलकोल ऑक्टोबरच्या शेवटी. फ्लॉवरच्या मागे मी लागत नाही, आपल्याकडे थंडी तेवढी पडत नाही, नवलकोल लावा, तो देतो.

ऑक्टोबर हिटमध्ये बाग पावसाच्या सवयीची असते आणि अचानक पस्तीस डिग्री बसते. पाणी सकाळी सातच्या आत, बोट दोन पेरं मातीत घालून, ओलं लागलं तर नाही घालायचं. रोपं नेहमी संध्याकाळी लावा, पहिले पाच-सहा दिवस हिरव्या नेटची किंवा जुन्या सुती साडीची सावली, आणि बुडाशी दोन इंच वाळका पाला. एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब असं झालं की टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो, तो रोग नाही, पाण्याच्या अनियमितपणामुळे कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही.

मांडवावरचे शेवटचे वेल अजून देतायत. मधमाश्या कमी असतील तर हाताने परागीकरण करा, वेळ सांभाळा, दुधी आणि शिराळ्याची फुलं संध्याकाळी उमलतात, कारलं, काकडी, लाल भोपळा सकाळी. नर फूल तोडून पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचं, मादी फुलाखाली इवलंसं फळ असतंच, मुलांना लगेच ओळखू येतं. फळमाशीसाठी वेलभाज्यांना क्यू ल्यूर या माशीला ओढणाऱ्या गंधाचा सापळा, पेरू-आंब्याला मिथाइल युजेनॉलचा, दोन्ही वेगळे आहेत, दुकानात नीट सांगा. आणि दुधीचा तुकडा चिरताना आधी जिभेला लावा, कडू लागला तर अख्खा फेकून द्या, रस तर अजिबात काढू नका, कडू दुधीने माणूस दवाखान्यात जातो.

पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) दिसला की पहिल्या दिवशी ओल्या कापसाने पुसा, वाढला तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली नीम तेल आणि थोडा साबण, संध्याकाळीच फवारा, उन्हात मारलं तर पानं करपतात. लिंबावर आणि कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, पुढे हिरवी होते. रोप छोटं असेल तर ती उचला, पण मारू नका, बरणीत पानं घालून ठेवा, काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू होतं. धाकटीने या पावसात पाच सोडली.

फळझाडांचं थोडक्यात. केळीच्या आईशेजारी एकच पिल्लू ठेवा, बाकी खुरप्याने काढा. घड काढल्यावर खोड कापून तिथेच तुकडे करून आच्छादन म्हणून टाका. पपईच्या बुडाशी पाणी साचत असेल तर आजच चर काढा, तिला एक दिवसही उभं पाणी सोसत नाही. पेरूच्या सुकलेल्या, आत वळलेल्या फांद्या पाऊस थांबल्यावर छाटा, लिंबाएवढी फळं झाली की कागदी पिशवी बांधा. अंगणातल्या मोठ्या लिंबाला पाऊस गेल्यावर काही दिवस पाणी तोडलं आणि मग शेणखत घालून सुरू केलं तर फुलोरा येतो आणि लिंबं नेमकी उन्हाळ्यात मिळतात, पण ड्रममधल्या लिंबाला हे करू नका, त्याची माती तीन दिवसांत भाजते.

नॅशनल पार्कच्या बाजूला राहणाऱ्यांकडे माकडं येतात, आमच्याकडेही येतात. पपई पिवळी रेघ धरली की काढून तांदळात घाला, झाडावर पिकायची वाट बघू नका. दसऱ्याच्या झेंडूची तोरणं उतरली की वाळवून बी काढा आणि वांगी-टोमॅटोच्या कडेने टाका, मातीतल्या सूत्रकृमींना (मुळांना लागणाऱ्या बारीक कृमींना) आळा बसतो.