स्टेकहाऊसमध्ये जेवणाचा विचका होऊ नये म्हणून या चुका टाळा

सहकुटुंब जाण्यासारख्या साध्या स्टेकहाऊसबद्दलच्या तक्रारी त्याच चार-पाच गोष्टींभोवती फिरतात. टेबलासाठी ताटकळावं लागलं. स्टेक (ग्रिलवर भाजलेला मांसाचा, बहुधा गोमांसाचा, जाड तुकडा) सांगितला तसा भाजलेला नव्हता. वेटर ऑर्डर घेऊन गेला तो फिरकलाच नाही. बिलात भलतंच काही लावलं. यात दोष बहुतेक वेळा रेस्टॉरंटचाच असतो आणि तो त्यांनीच निस्तरायला हवा. पण तशी संधी त्यांना वेळेवर मिळते की नाही, हे बरंचसं आपल्या हातात असतं. स्टेकचा सगळा खेळ मिनिटांचा आहे. पहिल्या घासाला बोललात तर नवी प्लेट येऊ शकते. तेच बिल भरताना बोललात तर फार तर माफी मिळते, आणि माफीने पोट भरत नाही.

नुसतं ‘मिडियम’ म्हणून मोकळं होणं

सर्वाधिक वाद भाजण्याच्या प्रमाणावरून होतात. रेअर, मिडियम रेअर, मिडियम, मिडियम वेल आणि वेल डन हे शब्द सगळीकडे तेच असले तरी एका किचनचं मिडियम दुसऱ्याला मिडियम रेअर वाटू शकतं. साधारण हिशेब असा: रेअर म्हणजे आतलं तापमान ५० अंश सेल्सियसच्या आसपास, मध्यभाग लाल आणि कोमट. मिडियम रेअर ५४ ते ५७ अंश, लाल पण गरम. मिडियम ६० ते ६३ अंश, गुलाबी. त्यापुढे मिडियम वेलमध्ये गुलाबीची जेमतेम छटा उरते आणि ७० अंशांच्या पुढे वेल डनमध्ये तीही जाते. मिडियम रेअर आणि मिडियम यांत जेमतेम पाच-सहा अंशांचं अंतर आहे, आणि जाड तुकडा ग्रिलवरून उतरवल्यावरही आतल्या धगीने आणखी तीन ते पाच अंश वर चढतो. गर्दीच्या वेळी एकाच ग्रिलवर बरेच तुकडे असले की एवढी चूक सहज होते.

म्हणून ऑर्डर देताना शब्दाबरोबर रंगही सांगा: “मिडियम हवा, म्हणजे मध्ये गुलाबी, लाल नको.” या एका वाक्याने निम्मे घोटाळे टळतात, असं माझं मत आहे. चांगला वेटर हे स्वतःहून विचारतो. त्याने विचारलं नाही तर आपण सांगावं.

प्लेट आली की पहिला काप मधोमध, सर्वांत जाड भागात द्या. कडेने खायला सुरुवात केली तर आत काय आहे ते अर्धा स्टेक संपल्यावर कळतं, आणि अर्धी रिकामी प्लेट परत पाठवताना दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखं होतं. मात्र सगळ्या स्टेकचे तुकडे करू नका. कमी भाजलेला स्टेक पुन्हा ग्रिलवर चढवता येतो, पण तो जितक्या ठिकाणी कापलेला असेल तितका रस गळून कोरडा होतो. जास्त भाजलेल्या स्टेकला मात्र इलाज नाही, तो नवाच करावा लागतो. हा फरक लक्षात ठेवून नेमकं मागा: “आतून अजून कच्चट आहे, थोडा भाजून द्या” किंवा “मिडियम रेअर सांगितला होता, मध्ये लाली अजिबात नाही, दुसरा करून द्याल का?”

रंग बघताना दोन गोष्टींचं भान हवं. अशा ठिकाणी दिवे मंद आणि पिवळसर असतात. मोबाइलचा उजेड पाडून बघायला हरकत नाही. शिवाय कापलेल्या मांसाला हवा लागली की पृष्ठभाग काही मिनिटांत अधिक लाल दिसू लागतो. प्लेटमध्ये उतरणारा लालसर रस म्हणजे रक्त नव्हे. ते पाणी आणि मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं. नुसता तो रस बघून ‘कच्चा दिला’ अशी तक्रार केली तर समोरच्याला ती खोडून काढणं सोपं जातं आणि तुमचं खरं म्हणणं बाजूला पडतं.

स्टेक तापलेल्या लोखंडी प्लेटवर चरचरत आला तर तो तुमच्यासमोरही शिजतच राहतो. पाच मिनिटं गप्पा मारल्या की मिडियम रेअरचा मिडियम झालेला असतो. तसा तो नको असेल तर लगेच साधी प्लेट मागून घ्या.

तुकड्याचा गुण ही किचनची चूक समजणं

मेनूवर लिहिलेलं वजन कच्च्या मांसाचं असतं. भाजताना पाणी आणि चरबी जाऊन साधारण चौथा हिस्सा घटतो, म्हणून स्टेक छोटा दिसला तरी ती फसवणूक असेलच असं नाही. रिबआयमध्ये (बरगड्यांजवळचा तुकडा) चरबी असणारच, त्याची चव तिच्यातच आहे. फिले (पाठीच्या आतल्या बाजूचा तुकडा) मऊसूत, पण चवीला सौम्य. फ्लँकचे (पोटाकडचा तुकडा) धागे लांब असतात. तो वेल डन मागवला किंवा धाग्यांच्या दिशेनेच कापला तर वातड लागतो, मग भाजणारा कितीही कुशल असो. चरबी नको असेल, दातांचा त्रास असेल किंवा वेल डनच आवडत असेल, तर ऑर्डरच्या आधी सांगून कोणता तुकडा घ्यावा ते विचारा. हे नीट सांगणं वेटरचं काम आहे, आणि त्याला ते सांगता आलं नाही तर ती खरी सेवेतली उणीव.

चवीची आणि आरोग्याची तक्रार एकच समजणं

लालसर स्टेक आणि लालसर बर्गर यांत मोठा फरक आहे. अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि ते आचेने मरतात. खिमा करताना तेच जंतू आतपर्यंत मिसळतात. म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शिफारशीत अखंड स्टेकसाठी ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटांचा विसावा पुरतो, तर गोमांसाच्या खिम्यासाठी ७१ आणि कोंबडीसाठी ७४ अंश लागतात. बर्गर किंवा चिकन आतून कच्चं निघालं तर संकोच नको. खाणं थांबवा आणि मॅनेजरलाच बोलवा. रेअर आणि मिडियम रेअर हे ६३ अंशांच्या खालीच असतात, त्यामुळे गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी ते टाळलेलं बरं.

अ‍ॅलर्जी असेल तर फक्त “शेंगदाणे नकोत” किंवा “दूध नको” एवढ्यावर थांबू नका. ग्रिलवरून उतरवताना स्टेकवर लोणी सोडण्याची पद्धत खूप ठिकाणी आहे. वूस्टरशर सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही मासा असतो, मुरवणाच्या मसाल्यात सोया सॉस असू शकतो आणि फ्राइज ज्या तेलात तळतात त्यातच कोळंबीही तळलेली असू शकते. हे शब्द घेऊन विचारा. वेटर अडखळला तर किचनमध्ये विचारून यायला सांगा.

उशीर होतोय आणि नुसतं चुळबुळत बसणं

दारात उभं असताना आत रिकामी टेबलं दिसली की आपल्याला डावलल्यासारखं वाटतं. पण टेबलं वेटरांमध्ये वाटलेली असतात. एखादा आलाच नसेल किंवा किचन तुंबलं असेल तर टेबलं मुद्दाम रिकामी ठेवतात. फोन करून नाव नोंदवलं म्हणजे टेबल राखून ठेवलं, असंही नाही. अनेक ठिकाणी त्याने फक्त प्रतीक्षा यादीत नाव चढतं. फोनवरच विचारून घ्या. खरी चूक होते ती त्यांनी ‘पंधरा मिनिटं’ म्हणून पाऊण तास उभं करण्यात, आणि त्याबद्दल जाब विचारायलाच हवा.

ऑर्डर दिल्यावर उशीर झाला तर “किती वेळ अजून?” असं विचारू नका. त्यावर “झालंच” हेच उत्तर येतं. विचारा, “आमची ऑर्डर किचनमध्ये गेली आहे ना? जरा बघून सांगता का?” ऑर्डर पाठवायचीच राहून गेली, हे वेटरला अशा प्रश्नानंतरच उमगतं. चौघांत एकाने जाड वेल डन मागवला असेल तर बाकीच्यांचे स्टेकही त्याच्यासाठी थांबतात, कारण सगळ्या प्लेटा एकदम आणायच्या असतात. हे ताटकळणं नको असेल तर जसजसं तयार होईल तसं आणायला सांगा. लहान मुलं बरोबर असली की याचा फार उपयोग होतो.

“सगळं ठीक आहे ना?” याला सवयीने “हो” म्हणणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. प्लेट ठेवल्यावर दोन घासांत किंवा दोन मिनिटांत परत येऊन विचारायचं, हे वेटरना शिकवलेलंच असतं. तो प्रश्न औपचारिक वाटला तरी दुरुस्तीची वेळ तीच असते. अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये असमाधानी ग्राहकापुढचे दोन मार्ग मांडले: निघून जाणं किंवा बोलणं. गुपचूप निघून गेलेल्या ग्राहकाकडून रेस्टॉरंटला काहीच कळत नाही आणि पुढच्या टेबलालाही तोच करपलेला स्टेक मिळतो.

वेटर परत आलाच नाही, तर दुसऱ्या कुणालाही थांबवून आपल्या वेटरला किंवा मॅनेजरला पाठवायला सांगा. आवाज चढवू नका. किचनमधल्या चुकीसाठी वेटरला फैलावर घेणं तर सरळ अन्याय आहे, स्टेक त्याने भाजलेला नसतो. पण तो उद्धट बोलला, खांदे उडवून गेला किंवा “मिडियम असाच असतो” म्हणून वाद घालू लागला, तर पुढचं बोलणं मॅनेजरशीच करा.

आणि काय हवं ते ठरवून बोला. स्टेक परत जातो तेव्हा बाकीचे जेवत राहतात आणि तुमचे बटाटे गार होतात, म्हणून नव्या स्टेकबरोबर गरम साइड डिशही मागा आणि किती मिनिटं लागतील ते विचारा. तेवढं थांबायचं नसेल तर “आता नको, बिलातून काढा” हेही रास्त आहे. चांगला मॅनेजर टेबलापाशी येतो, ऐकून घेतो आणि मागण्याआधीच तोड काढतो. बिघडलेल्या जेवणावर पुढच्या भेटीचं कूपन देऊन भागत नाही. आजचा पदार्थ आजच्या बिलातून काढून मागण्यात गैर काही नाही.

बिल न वाचता पैसे भरणं

परत पाठवलेला पदार्थ बिलात तसाच राहणं, सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असताना वर टिप देणं, दुसऱ्या टेबलाचं पेय आपल्या नावावर येणं, हे सगळं उठण्याआधी दोन मिनिटांत मिटतं. स्वतंत्र बिलं हवी असतील तर ऑर्डर देतानाच सांगा. कार्डवर दोनदा रक्कम दिसली तर आधी थोडे दिवस वाट बघा, कारण त्यातली एक नोंद बँकेने तात्पुरती अडवलेल्या रकमेची असू शकते. आठवड्यानंतरही दोन्ही कायम असतील तर बिलाची प्रत घेऊन बँकेकडे जा.

घरी आल्यावर तक्रार लिहिणार असाल तर तारीख, वेळ, बिल क्रमांक, काय मागवलं, काय आलं, कुणाला सांगितलं आणि त्यांनी काय केलं, एवढं पुरे. रेस्टॉरंट एखाद्या साखळीतलं असेल तर शाखा चालवणारा मालक वेगळा असू शकतो, म्हणून मुख्य कार्यालयाबरोबर शाखेलाही प्रत पाठवा. प्लेटचा फोटो असेल तर जोडा, आणि शेवटच्या ओळीत परतावा हवा की नुसतं उत्तर, ते स्पष्ट लिहा.