एकाच भूकंपमापकावरून मंगळाचा गाभा कसा मोजायचा

नासाचे 'इनसाइट' यान 26 नोव्हेंबर 2018 रोजी मंगळावरच्या एलिसियम प्लॅनिशिया या मैदानात उतरले. त्याच्या 'सीस' भूकंपमापकाने डिसेंबर 2022 पर्यंत 1,300 हून अधिक मंगळकंप टिपले आणि त्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. केंद्रबिंदू शोधायला पृथ्वीवर निदान तीन ठाणी लागतात. इथे एकच आहे, त्यामुळे त्या एका नोंदीतून वेळ आणि दिशा दोन्ही काढाव्या लागतात.

नोंद तयार करणे. नोंदी मागवताना लागणारे संकेत असे: जाळ्याचा 'एक्सबी', ठाण्याचा 'ईएलवायएसई', स्थान 02, आणि वाहिन्या बीएचयू, बीएचव्ही, बीएचडब्ल्यू; दर सेकंदाला 20 नमुने. या तिन्ही वाहिन्या तिरक्या बसवलेल्या आहेत. 'ऑब्सपाय' या भूकंपनोंदींसाठीच्या पायथन संगणकप्रणालीत आधी यंत्राचा प्रतिसाद काढून टाका, मग उभ्या, उत्तर आणि पूर्व दिशांत फिरवून घ्या. हे राहिले तर पुढची दिशा साफ चुकते.

निवड कमी वारंवारितेच्या, म्हणजे 1 हर्ट्झखाली जोर असलेल्या कंपांचीच करा. 0.1 ते 0.8 हर्ट्झची चाळणी (फिल्टर) सुरुवातीला पुरते. 1 हर्ट्झवरची टिकटिक यंत्राच्याच विद्युतमंडलातून येते आणि 2.4 हर्ट्झचा घुमारा स्थानिक जमिनीचा असतो. दोन्ही बाहेर राहू द्या. दिवसा वारा सगळे बुडवतो, म्हणून संध्याकाळच्या शांत तासांतले कंप घ्या. सर्वांत फसवी असते ती एकांगी उसळी. तापमान बदलताना यंत्रातला ताण अचानक सुटतो आणि चाळणीनंतर ती अगदी लहरीसारखी दिसते. चाळणी लावण्याआधीच कच्ची नोंद डोळ्यांनी तपासा.

अंतर आणि दिशा. पी (आधी पोचणाऱ्या, दाब-ताणाच्या) आणि एस (मागून येणाऱ्या, आडव्या हालचालीच्या) लहरींच्या आगमनातला फरक मोजा. सरासरी वेग पी 7.6 आणि एस 4.4 किमी प्रतिसेकंद धरले, तर फरकाच्या प्रत्येक सेकंदामागे सुमारे 10.45 किमी अंतर येते. फरक 170 सेकंद असेल तर सुमारे 1,775 किमी. मंगळाची त्रिज्या 3,389.5 किमी, म्हणजे 1 अंश 59.2 किमी, आणि हे अंतर 30 अंश. सर्बेरस फोसे हा भेगांचा पट्टा साधारण एवढ्याच अंतरावर आहे आणि चांगले कंप बहुतेक तिथूनच आले.

दिशेसाठी पीच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत उत्तर आणि पूर्व घटक एकमेकांसमोर मांडा. मिळालेली रेषा 180 अंशांची संदिग्धता ठेवते. जमीन आधी वर उचलली गेली असेल, तर आडवी हालचाल केंद्रापासून दूर जाणारी असते. मग आडवे घटक केंद्राच्या दिशेला आणि तिच्या काटकोनात फिरवा.

गाभ्यावरचा प्रतिध्वनी. एस लहर द्रवातून जात नाही, म्हणून द्रव गाभ्यावरून ती परतते. 1,830 किमी त्रिज्या धरल्यास 30 अंशांवरचा जाऊन-येऊन मार्ग सुमारे 3,380 किमी, म्हणजे 768 सेकंद. थेट एस 404 सेकंदांत येते. तेव्हा प्रतिध्वनी एसनंतर सहा मिनिटांच्या आसपास, काटकोनातल्या आडव्या घटकात शोधा. प्रत्यक्षात वेग खोलीनुसार बदलतो. खिडकी दोन्ही बाजूंना मिनिटभर रुंद ठेवा.

एका कंपात तो क्वचितच स्पष्ट दिसतो, कारण कवचात विखुरलेल्या लहरींची शेपटी लांब असते. अनेक कंपांच्या नोंदी एसच्या आगमनावर जुळवा, अंतराप्रमाणे वेळ सरकवा आणि बेरीज करा. मग तीच बेरीज दोनशे वेळा मनमानी सरकवून करा. तेवढेच उंच शिखर वारंवार आले, तर तुमचे शिखर गोंगाट आहे. ही कसोटी टाळून काढलेल्या त्रिज्येवर विश्वास ठेवू नये.

एसच्या वेगात 2 टक्के चूक म्हणजे 15 सेकंद, आणि त्रिज्येत सुमारे 40 किमी. म्हणून प्रावरणातला (कवच आणि गाभा यांच्या मधल्या खडकातला) लहरींचा वेग आणि गाभ्याची खोली एकत्रच सोडवा: पृष्ठभागावरून एकदा-दोनदा परावर्तित झालेल्या पी आणि एस लहरी वेगाला बांधून ठेवतात.

परत काय आले, ते नीट वाचा. 2021 मध्ये याच पद्धतीने 1,830 किमी त्रिज्या मिळाली. 2023 मध्ये दोन गटांनी दाखवले, की गाभ्याभोवती सुमारे 150 किमी जाडीचा वितळलेल्या सिलिकेटचा थर असावा आणि धातूचा गाभा 1,650 ते 1,675 किमी. एस लहर दोन्ही द्रवांवरून सारखीच परतते. प्रतिध्वनी फक्त द्रव कुठे सुरू होतो ते सांगतो; तो द्रव लोखंडाचा की खडकाचा, हे ठरवायला त्या सीमेला घासून जाणाऱ्या पी लहरी लागतात. 18 सप्टेंबर 2021 च्या उल्कापाताने नेमक्या त्याच पुरवल्या.