कापडी नॅपी गळते म्हणून नवी घेण्याआधी या चुका टाळा

ओळखीत कोणाकडे बाळ झाले की दोन-अडीच महिन्यांनी मला फोन येतो आणि तक्रार ठरलेली असते : कापडी नॅप्या घेतल्या, पण सगळ्या गळतात. त्यावर माझा पहिला प्रश्न नॅपी कोणत्या कंपनीची आहे हा नसतो, ती कशी धुता हा असतो. दोन मुले कापडावर वाढवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, नॅपी सहसा बिघडत नाही, आपणच ती धुण्यात बिघडवतो.

सुरुवात होते ती उतावळेपणाने. पार्सल फोडले की त्याच दुपारी नॅपी बाळाला बांधली जाते आणि अर्ध्या तासात दुपटे ओले होते. नव्या सुती, बांबूच्या किंवा हेम्पच्या (भांगेच्या झाडाच्या धाग्याच्या) कापडात खळ किंवा धाग्याचा नैसर्गिक तेलकटपणा असतो आणि तो निघाल्याशिवाय कापड नीट शोषत नाही. नॅपीच्या कव्हरमध्ये बसवायचे शोषणारे पॅड सुती असेल तर तीन-चार वेळा, तर हेम्पचे सहा ते आठ वेळा धुवावे लागते, आणि एका रात्रीच्या भिजवण्याने हे काम उरकत नाही. आजीच्या काळी लंगोट जुन्या धोतराचे नाहीतर लुगड्याचे शिवत, त्यात काटकसर होतीच, पण वर्षानुवर्षे धुतलेले ते कापड पहिल्या दिवसापासून शोषत असे. बाळ येण्याआधी खरेदी करायची नाही असा घरचा नेम असेल, तर सुरुवातीचे पंधरा दिवस असेच जुने लंगोट बांधावेत आणि नव्या नॅप्या तोवर धुण्यात फिरू द्याव्यात.

ज्या चुकीने मी स्वतः पैसे घालवले, ती मात्र सविस्तर सांगते. माझी मोठी मुलगी जानेवारीत जन्मली आणि मार्चपर्यंत नॅप्या उत्तम चालल्या. उन्हाळा लागल्यावर आमच्या इमारतीत नळाचे पाणी कमी झाले आणि टाकीत बोअरचे पाणी येऊ लागले. पंधरा दिवसांत पॅड पापडासारखे कडक झाले, म्हणून मी शेवटच्या पाण्यात सुगंधी फॅब्रिक कंडिशनर घालू लागले. कापड मऊ झाले, वासही छान आला आणि नॅप्या चाळीस मिनिटांत गळू लागल्या. बाळ मोठे झाले, शू वाढली, असे समजून मी एका पॅडच्या जागी दोन घातले, मग तीन कोंबले, आणि शेवटी सहा नव्या नॅप्या मागवल्या. त्या न धुताच वापरल्याने त्याही गळल्या, हे वेगळे सांगायला नको. अखेर सासूबाईंनी एक सुकलेले पॅड ताटात पसरून त्यावर चमचाभर पाणी ओतले. पाण्याचे मणी झाले आणि घरंगळून ताटात आले. "अगं, हा लंगोट नाही, अळूचं पान आहे," एवढेच त्या म्हणाल्या.

झाले होते असे की, बोअरच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून त्याचा चिकट साका धाग्यांवर बसला होता आणि त्यावर मी कंडिशनरचा थर चढवला होता. कंडिशनर कापड मऊ करतो तो धाग्यावर स्निग्ध थर देऊनच, आणि तोच थर पाणी आत जाऊ देत नाही. उपाय कंटाळवाणा होता. साबणाची वडी बंद केली, गरम पाण्यात डिटर्जंट पावडर आणि थोडा धुण्याचा सोडा घालून तेच पॅड तीनदा धुतले आणि खळबळण्यासाठी सकाळी अर्धा तास येणारे नळाचे पाणी बादल्यांत भरून ठेवले. चौथ्या दिवशी चमचाभर पाणी ताटात न उतरता पॅडमध्ये मुरले. तेव्हापासून महिन्यातून एकदा ही चमच्याची परीक्षा मी घेतेच आणि फोन करणाऱ्यांनाही आधी तीच घ्यायला सांगते. बहुतेकांना ती नको असते, त्यांना जास्त शोषणाऱ्या पॅडचे नाव हवे असते.

पॅड पाणी शोषत असूनही नॅपी गळत असेल, तर बहुधा ती बांधण्यात चूक आहे. मांडीचे इलॅस्टिक मांडीवर नव्हे, जांघेच्या घडीत बसले पाहिजे आणि पॅडची एकही कड बाहेर डोकावता कामा नये. आणखी पॅड कोंबल्याने तिथे फटच पडते.

शूच्या नॅप्या दोन-दोन दिवस बादलीत भिजत ठेवू नयेत. लघवीतील युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात आणि मग नॅपी हातात घेताच डोळ्यांत पाणी येते. मी ती लगेच गार पाण्यातून काढून जाळीच्या टोपलीत टाकते आणि एक दिवसाआड सगळ्या धुते. पावडर कमी घालण्याचा सल्लाही मला पटत नाही, कारण मळ राहिला की वास राहतोच.

मायक्रोफायबरचे, म्हणजे अतिबारीक कृत्रिम धाग्याचे पॅड थेट त्वचेला लावू नये, ते त्वचेचा ओलावाही ओढून घेते. झिंकचे किंवा पेट्रोलियम जेलीचे मलम लावायचे असेल, तर मध्ये सुती फडक्याची घडी ठेवावी. नॅपीचे बाहेरचे वॉटरप्रूफ कव्हर ओले असताना इलॅस्टिकला चिमटा लावून टांगू नये.

पिवळ्या डागांसाठी ब्लीच वापरणाऱ्यांचे मला नवल वाटते. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीचा पिवळेपणा बिलिरुबिनचा असतो आणि ते प्रकाशाने मोडते. नवजात बाळाला काविळीत निळ्या प्रकाशाखाली ठेवतात ते याचसाठी. धुतलेले पॅड ओले असतानाच उन्हात पसरले की डाग बराच फिका होतो.

खरी अडचण पावसाळ्यात येते. तेव्हा मी जाड पॅड बाजूला ठेवते आणि मलमलीच्या मोठ्या चौकोनाची घडी वापरते, कारण ते उलगडले की एकेरी कापड पंख्याखाली रातोरात सुकते. दमट राहिलेल्या सुती कापडावर इस्त्री फिरवावी, पण वॉटरप्रूफ कव्हरवर कधीही नाही, त्याचा आतला पातळ थर वितळतो आणि ते कव्हर पुन्हा उपयोगाचे राहत नाही.