प्रागचा पहिला हिवाळा घरात काढू नका

नोव्हेंबरात प्रागला आलेलं प्रत्येक नवीन कुटुंब मला हेच सांगतं, "ताई, सध्या घर लावतो, शहर एप्रिलमध्ये बघू." अकरा वर्षांपूर्वी साताऱ्याहून आले तेव्हा मीही हेच केलं. पहिला हिवाळा खिडकीशी चहा पीत काढला आणि एप्रिलमध्ये हौसेने चार्ल्स ब्रिजवर गेले, तर गर्दीत पायाखालचा दगडसुद्धा दिसेना. नोंदणी, बँक, घराची कागदपत्रं ही कामं आधी उरका, त्यात हयगय नको. पण येणारा पहिला मोकळा शनिवार शहराला द्या.

डिसेंबरात इथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारला मावळतो. चारला अंधारून आलं की पहिल्या वर्षी जीव कासावीस होतो, सगळ्यांचाच. पण सूर्योदयासाठी इथे पहाटेचा गजर लावावा लागत नाही, हेही खरं. साडेसातला ओल्ड टाउनच्या बाजूने पुलावर शिरा. 1357 मध्ये सम्राट चौथ्या चार्ल्सने बांधायला घेतलेला पूल, दोन्ही कठड्यांवर मिळून 30 पुतळे, खाली काळीशार वल्तावा नदी, आणि पुलावर तुम्ही, दोन-चार फोटोवाले नि एखादं कुत्रं. नऊला ऑफिसात पोचताही येतं. नाताळाआधीच्या चार आठवड्यांत एकदा दिवेलागणीलाही जा. जुन्या वेशातला दिवेवाला लांब काठी घेऊन पुलावरचे गॅसचे दिवे एकेक करून लावत जातो. मुलं त्याच्या मागे मागे पळतात. मोठीही पळतात, फक्त कबूल करत नाहीत.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. एकच अवजड स्वेटर आणण्यापेक्षा आत अंगाला चिकटून बसणारा थर्मल, मधे लोकर, वर वारा अडवणारं जॅकेट, असे थर घाला. दुकानात, मेट्रोत शिरलं की पाच मिनिटांत घाम फुटतो, तेव्हा वरचे थर काढता आले पाहिजेत. पैसे वाचवायचे तर जॅकेटवर वाचवा, बुटांवर नको. जाड तळवा, खोल खाचा, आणि लोकरी मोजा मावेल इतका सैल बूट. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की बोटं जास्तच गार पडतात. इथल्या गोल फरसदगडांना चेक लोक 'मांजरांची डोकी' म्हणतात. त्यावर रात्री पाणी गोठलं की काय होतं ते मी नेरुदोवा रस्त्याच्या उतारावर अनुभवलं आहे. पुण्यात घेतलेले स्पोर्ट्स शूज होते. अर्धा उतार बसूनच उतरले.

म्हणून माझा सल्ला सगळ्या पर्यटकांच्या उलट. ते 22 नंबरच्या ट्रामने टेकडीवरच्या प्राग किल्ल्यावर जातात आणि चालत उतरतात. हिवाळ्यात तुम्ही नेरुदोवाने चालत चढा, अंगात ऊब येते. खाली येताना ट्राम धरा. जुन्या ट्राममध्ये सीटखालीच हीटर असतो, पोटऱ्या भाजतील इतका. कागदी तिकीट नुसतं खिशात ठेवून चालत नाही, पिवळ्या यंत्रात शिक्का मारायचा. साध्या कपड्यातला तिकीट तपासनीस बिल्ला दाखवतो, तेव्हा "नवीन आहे हो" याला काही किंमत नसते.

थंडीत शहर सलग बघायचं नसतं. वीस मिनिटं बाहेर, मग कुठेतरी आत. त्यासाठी प्रागमध्ये एक फार सोयीची गोष्ट आहे, ती म्हणजे इमारतींच्या पोटातून जाणारे बोळ, इथल्या भाषेत 'पासाज'. वेन्सेस्लास चौकाजवळ श्टेपान्स्का रस्त्यावरून लुत्सेर्ना पासाजमध्ये शिरा. वर बघा, छताला उलटा टांगलेला मेलेल्या घोड्याचा पुतळा आणि त्याच्या पोटावर ऐटीत बसलेला संत वेन्सेस्लास, चेक लोकांचा रक्षक संत. बाहेर चौकातल्या गंभीर पुतळ्याची दाविद चेर्नी या शिल्पकाराने केलेली ही थट्टा. पलीकडे वोदिच्कोवा रस्त्यावर बाहेर पडा, रस्ता ओलांडून स्वेतोझोर पासाज, आणि त्यातून थेट फ्रान्सिस्कन बागेत. एवढ्या चालण्यात टोपी जेमतेम एक-दोनदा लागते.

जुन्या चौकातल्या घड्याळाला मात्र थंडीतही वेळ द्या. 1410 चं हे घड्याळ. दर तासाला गर्दी जमते, सांगाडा घंटी वाजवतो, खिडक्यांतून बारा प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य, सरकतात, कोंबडा आरवतो, मिनिटभरात सगळं आटपतं आणि लोक "एवढंच?" म्हणत निघून जातात. गर्दी पांगली की मग तुम्ही पुढे व्हा. कारण पंचांग बघत वाढलेल्या माणसाला ही तबकडी ओळखीची वाटते. त्यात बारा राशींचं वर्तुळ आहे, सूर्य कोणत्या राशीत ते दिसतं, चंद्राची कला दिसते. सगळ्यात बाहेरच्या कड्यावर जुन्या वळणाचे 24 आकडे आहेत, ते जुन्या बोहेमियाचे, म्हणजे या चेक भूमीचे तास, सूर्यास्तापासून मोजलेले. आपला वार सूर्योदयाला सुरू होतो, यांचा दिवस सूर्यास्ताला. सूर्यास्त पुढेमागे होतो तसं ते कडंही वर्षभर सरकतं. 22 डिसेंबरनंतर गेलात तर सूर्य मकरेत गेलेला दिसेल. माझी आई इथे आली होती तेव्हा म्हणाली, "घड्याळ चुकलंय, संक्रांतीला अजून तीन आठवडे आहेत." चुकलेलं नाही. त्यांचं गणित सायन, म्हणजे राशी ऋतूंवरून मोजणारं, आपलं निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजणारं, मधे साधारण 24 अंशांचं अंतर. आईला ते पटलं नाही, पण पुढचा अर्धा तास ती तिथून हललीही नाही.

चौकात दालचिनीच्या वासाचं त्र्देल्निक मिळतं, म्हणजे दांड्याला गुंडाळून भाजलेली गोड पोकळ पावासारखी गुंडाळी. मुलं हट्ट करतील तर घ्या, पण 'जुना चेक पदार्थ' या पाटीवर जाऊ नका. त्यापेक्षा 20 डिसेंबरच्या आसपास रस्त्यारस्त्यावर निळ्या टबात पोहणारे कार्प मासे बघा. नाताळच्या जेवणासाठी माणसं रांगेत उभी राहतात आणि विक्रेता तिथेच मासा कापून देतो. पैसा टिकावा म्हणून त्याचं एक खवलं वर्षभर पाकिटात ठेवतात.

आणखी दोन बारीक गोष्टी. दुकानात, लिफ्टमध्ये शिरताना 'दोब्री देन', म्हणजे नमस्कार, म्हणा, नाहीतर लोक तुम्हाला शिष्ट समजतील. अनोळखी माणसाला इथेही अहो-जाहोच करतात. खोबरेल तेल बाटलीत दगड होईल, म्हणून ते रुंद तोंडाच्या डब्यात आणा.

24 तारखेला दुपारी बारानंतर मोठी दुकानं बंद होतात, 25 आणि 26 लाही उघडत नाहीत. दूध, दही, कांदे 23 लाच आणून ठेवा. विसरलात तर माझ्याकडे या. चपला मात्र दारातच काढायच्या, त्या बाबतीत चेक लोक आपल्याहून कडक आहेत आणि मी आता दोन्हीकडची झाले आहे.