बाल्कनीत रोमचा छत्री पाइन

रोमला राहायला आल्यापासून इथल्या छत्रीसारख्या पाइन वृक्षांवर माझा जीव जडलाय. म्हणून शंकूतल्या बिया आणून मी स्वतःच रोप वाढवलं.

बी टणक कवचाचं, ताजं हवं. सोललेलं, खायचं पिन्योली (म्हणजे याच बियांचा आतला गर) रुजत नाही. 24 तास पाण्यात भिजवा, तळाशी बसलेलीच घ्या. माती आणि जाडी वाळू निम्मी-निम्मी. कुंडी मात्र खोल घ्या, कारण सोटमूळ लगेच खाली धावतं. उथळ कुंडीत माझं पहिलं रोप मुळं गुंडाळून खुरटलं, त्याची हळहळ अजून वाटते.

सुरुवातीची काही वर्षं पानं निळसर, एकेकटी येतात. जोडीच्या लांब सुया नंतर, त्यामुळे घाबरू नका. दिवसभर ऊन द्या. वरची माती सुकल्यावरच पाणी घाला. साचलेलं पाणी मुळं कुजवतं.

जमिनीत लावायचं तर घरापासून, फरशीपासून लांब लावा. मुळं फरशी उचलतात. छाटणी थंडीत, तीही फक्त वाळक्या फांद्यांची.

फांदीवर कापसासारखं पांढरं घरटं दिसलं, तर हात लावू नका! त्यातल्या अळ्यांच्या केसांनी अंगाला भयंकर खाज सुटते, कुत्र्यांना तर फार इजा होते. जाणकारालाच बोलवा.

शंकू पिकायला तीन वर्षं लागतात.