घरातली पहिली रीफ टाकी: सामान कोणत्या क्रमाने घ्यावं

रीफ टाकी म्हणजे प्रवाळं आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. दुकानातल्या निळ्या उजेडात सगळं चमकत असतं, त्यामुळे नवखा माणूस हमखास आधी लाइट घेऊन घरी येतो. माझ्या मते लाइट सगळ्यात शेवटी घ्यावा. आपल्या हवेत टाकी जगते की मरते ते पाणी आणि थंडावा यांवर ठरतं.

खरेदीआधी कायदा माहीत हवा. खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला पाण्यात दिसलेला तुकडा आठवण म्हणून खिशात घालणं हाही गुन्हाच. तेव्हा टाकी आखायची ती झोअँथिड, मशरूम अशी मऊ प्रवाळं धरून, आणि तीही पक्की पावती आणि आयातीची कागदपत्रं दाखवणाऱ्याकडूनच घ्यायची. समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ (जिवाणू आणि बारीक जीव वसलेला खडक) टाळा; माणसाने बनवलेला सिरॅमिकचा खडक घ्या.

टाकी. ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. यात साधारण १९० लिटर पाणी मावतं. छोटी टाकी सोपी वाटते, पण थोड्या पाण्यात खारटपणा आणि तापमान दोन्ही झपाट्याने हलतात. पाणी, काच, खडक, स्टँड धरून वजन ३०० किलोच्या आसपास जातं, म्हणून ती भिंतीला लागून, तुळईजवळ ठेवा. स्टँडला साधा प्लाय नको, खाऱ्या पाण्याने फुगतो.

पाणी. स्वयंपाकघरातला आरओ इथे पुरत नाही. चवीसाठी त्यात बहुधा थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं. आरओच्या पुढे डीआयचा (उरलेले क्षार काढणारा) टप्पा असलेलं यंत्र घ्या आणि टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणारा) शून्य दिसल्याशिवाय ते पाणी वापरू नका. मीठ रीफसाठी बनवलेलंच हवं. लिटरला अंदाजे ३५ ते ३८ ग्रॅम लागतं. जुहू किंवा गिरगावच्या चौपाटीवरून कॅनमध्ये पाणी भरून आणायचा विचार सोडून द्या.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे डोळा लावून बघायची छोटी दुर्बिणीसारखी नळी, घ्या. काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, झाकण हलकेच बसवायचं, बुडबुडा राहिला तर पुसून पुन्हा. उजेडाकडे धरून डोळा लावला की निळा आणि पांढरा भाग जिथे भेटतात ती रेघ वाचायची: ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या जवळ. ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने तो अधूनमधून जुळवून घ्यावा, नुसत्या शुद्ध पाण्यावर विसंबू नये.

थंडावा. पाणी २५–२६ अंशांवर राहायला हवं. पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने ते थोडं उतरतं. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात याचा उपयोग होतो, मुंबईच्या दमट हवेत फारसा नाही. तिथे चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागतोच. टाकीला जेमतेम पुरणाऱ्यापेक्षा एक माप मोठा घ्या, कारण पंप आणि लाइटही पाणी तापवतात. आणि तो स्टँडच्या बंद कप्प्यात कोंबू नका; स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढत बसतो. पुणे-नाशिकच्या थंडीत उलट छोटा हीटर लागेल.

बाष्पीभवनात पाणी जातं, मीठ मागे राहतं. त्यामुळे रोजची भर नेहमी गोड्या पाण्याचीच. हे काम आपोआप करणारं ऑटो टॉप-ऑफ मिळतं; परवडत असेल तर जरूर घ्या.

गाळण आणि प्रवाह. टाकीखाली संप, म्हणजे गाळणीची उपकरणं ठेवायची दुसरी छोटी टाकी, आणि संपात प्रोटीन स्किमर. स्किमरच्या बारीक बुडबुड्यांना सेंद्रिय घाण चिकटून वरच्या कपात जमते. कोऱ्या चहासारखं, भयंकर वासाचं पाणी साचलं की तो नीट चालतोय म्हणायचं. खोक्यावरच्या क्षमतेवर जाऊ नका, टाकीच्या दुप्पट लिटरसाठीचा घ्या. मऊ प्रवाळांना तासाला टाकीच्या १० ते २० पट प्रवाह पुरतो, त्यासाठी दोन छोटे वेव्हमेकर (टाकीत पाणी फिरवणारे पंप) समोरासमोर लावा.

संप बसवला की रिटर्न पंप (संपातलं पाणी वर टाकीत परत पाठवणारा) मुद्दाम बंद करून बघा. वरचं पाणी पाइपातून उलटं खाली येतं. ते सगळं संपात मावायला हवं, नाहीतर पहिल्याच भारनियमनात हॉल भिजेल. निदान एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर ठेवा, वीज गेल्यावर माशांना आधी ऑक्सिजन कमी पडतो. सगळ्या वायरी सॉकेटपाशी पोचण्याआधी खाली झोळ देऊन न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये जात नाही, आणि लाइनवर आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा.

आता लाइट. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पीएआर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाशाचं माप) पुरतं, म्हणून मध्यम एलईडी चालतो. टायमर लावून ८ ते १० तास.

खडक घालून, जिवाणूंची बाटली आणि अमोनियाचा थोडा डोस देऊन टाकी चालू करा. घाण पचवणारे जिवाणू वाढून टाकी तयार व्हायला बहुतेकदा ४ ते ६ आठवडे लागतात. चाचणी किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की काही पाणी बदला आणि पहिला मासा आणा, एकच.